थांबलेली होडी

"आमची होरी कुठं हाय त्यात? दाखव ना, बाय."

पदीबाय माझ्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावत होती. तिच्या कडेवर माझी सात महिन्यांची जाई होती आणि जाईच्या मुठीत पदीबायची पोत होती. ती सोडवायच्या फंदात आम्ही दोघीही पडत नव्हतो.

"ही बघा." निळ्या पाण्यातल्या हिरव्या ठिपक्यावर मी बोट ठेवलं. शेजारी बारीक अक्षरांत नाव होतं, चंद्रकोर.

"एवरीशी?"

"पडद्यावर एवढीशीच दिसते."

"नि गप का उबी हाय?"

"मी काय सांगू? नवरा तुमचा."

ती खो खो हसली. ठिपक्यापाशी तोंड नेऊन म्हणाली, "ओ नाखवा, बगतंय मी तुमाला! बिडी पिऊ नुका!" मग जाईला सांगावं तसं म्हणाली, "डोलीला बांधून बसलाय त्यो. पानी थांबल्याबिगर जाळं उचलतंय कोन?"

मी जाईचा मोजा शोधत होते. ऐकलं, पण कानावरून गेलं.

याला आता सात वर्षं होतील. निगडोली बंदराच्या विश्रामगृहात मी जाईला घेऊन दोन आठवड्यांसाठी राहिले होते. अंगावर पाजत होते, त्यामुळे तिला पुण्यात ठेवून येणं शक्यच नव्हतं. दर तीन तासांनी, जिथून जहाजांवर नजर ठेवतात त्या बंदराच्या मनोऱ्यातून पळत यायचं, पाजायचं, पुन्हा पळत जायचं. मधल्या वेळात जाई पदीबायची. विश्रामगृहाच्या स्वयंपाक्याने तिला आणून दिलं होतं. "कोळीवाड्यातली आहे, तोंडाची फटकळ, पण पोर टाकून जाणार नाही," असं तो म्हणाला होता. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

मोठ्या जहाजांवर एक यंत्र असतं. ते दर काही सेकंदांनी रेडिओवर ओरडत असतं: मी अमुक, मी इथे आहे, या बाजूला चाललोय, इतक्या वेगाने. आमच्या संस्थेने तेच ओरडणं छोट्या होड्यांना शिकवायचं ठरवलं होतं. विटेएवढा डबा, वर सौर पट्टी. स्वस्तातला असल्यामुळे त्याचा आवाज थेट जहाजापर्यंत पोचत नसे. किनाऱ्यावरच्या आमच्या अँटेनाला तो ऐकू यायचा आणि तिथून मनोऱ्यातल्या पडद्यावर आणि जहाज खाडीतून आत आणणाऱ्या पायलटच्या हातातल्या टॅबवर जायचा. निगडोलीच्या बारा होड्यांवर आम्ही डबे बसवले होते. नऊ वर्षांचं संशोधन त्या दिवशी, माघातल्या एका मंगळवारी, बंदराच्या रोजच्या कामात उतरणार होतं.

आणि त्याच दिवसापासून पुढची लाँच बंद होणार होती. पुढची लाँच म्हणजे जहाज खाडीत शिरलं की त्याच्या पुढे भोंगा वाजवत जाणारी गस्तीची बोट. वाटेत कुणी असेल तर ती हाकारून बाजूला करायची. तीस वर्षं हेच चाललं होतं. आता पडदा आला, लाँच कशाला?

डबा बसवताना पदीबायच्या नवऱ्याने, हरेश्वर नाखवाने, मला विचारलं होतं, "ह्यो असला म्हंजी आमी दिसनार ना, मॅडम?"

"दिसणार, नाखवा. मी सांगते ना."

*

मनोऱ्यात शिरले तर मॉनिटरला झेंडूचा हार.

"हा कुणी घातला?"

"मीच," रेडिओवर बसणारे मयेकर म्हणाले. "नारळ फुटायचाय अजून. हात लावू नका, सुतळी कच्ची आहे."

काचेबाहेर धुकं होतं. खालचा धक्का दिसत नव्हता, तिथे खाडी कुठली दिसायला. पडदा मात्र स्वच्छ होता. किती स्वच्छ! निळी खाडी, तिचं उजवीकडचं वळण, आणि समुद्राकडून आत येणारा एकच मोठा लाल त्रिकोण: ऑर्किड ग्रेस, कोळसा. बंदराचे कप्तान तळपदे बंदर मंडळाच्या अध्यक्षसाहेबांना तो दाखवत होते. त्यांच्या मागे आमचे प्रकल्पप्रमुख देवस्थळी सर नवा शर्ट घालून उभे होते. त्याची घडी अजून मोडलेली नव्हती.

वळणाच्या कोपऱ्यावर हार लोंबत होता. चंद्रकोर हाराखाली असणार, असं मला वाटलं. मी हार उचलला.

खाली नुसतं पाणी होतं.

"मयेकर, चंद्रकोर कुठाय?"

"कोण चंद्रकोर?"

"हरेश्वर चोगल्यांची होडी. वळणावर."

"पडद्यावर नाही म्हणजे घरी असेल."

"घरी नाहीये. आत्ता माझ्या लॅपटॉपवर पाहून आले. त्यांची बायको माझ्या पोरीला घेऊन बसलीय!"

मयेकरांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे, मग पडद्याकडे. माणूस एकवीस वर्षं त्या खुर्चीवर होता. "वळणावर त्याच्या आज्याचे खुंट आहेत, डोलीचं जाळं बांधायचे," ते हळूच म्हणाले. "आज पाणी कितीला थांबतंय..." आणि भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर त्यांनी बोट फिरवलं. "अजून थांबलेलं नाही. तिथेच असणार तो."

मी लॅपटॉप उघडला. तिथे ठिपका होताच. हिरवा, गप्प, जिथल्या तिथे. एकाच अँटेनाचा एकच आवाज, माझ्या मांडीवर ऐकू येतोय आणि भिंतीवरच्या पडद्यावर नाही. मधे कुणीतरी तो पुसत होतं. कोण, हे मला लगेच कळलं असं मला वाटलं. पाहुणे येणार म्हणून सरांनी पडदा झाडून घेतला असणार. मोठी जहाजं ठेवायची, बारीकसारीक ठिपके काढून टाकायचे. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"कॅप्टन तळपदे, जहाज थांबवा."

अध्यक्षसाहेबांच्या हातात नारळ होता. सगळे वळले.

"काय?" तळपदे म्हणाले.

"वळणावर होडी आहे. दोन माणसं आहेत तिच्यात. पडद्यावर दिसत नाहीये."

"पडद्यावर नाही म्हणजे नाही. पडदा तुमचा आहे, मॅडम. सत्त्याण्णव टक्के अचूक, असं तुमचे सर आत्ताच साहेबांना सांगत होते."

"मग उरलेले तीन टक्के कोण, कॅप्टन? त्यांना नावं आहेत."

कुणीतरी हसलं. तळपद्यांनी आवाज खाली आणला, लहान मुलाशी बोलताना आणतात तसा. "हे पाहा, भरलेलं जहाज आहे. भरतीच्या पाण्यावर आत येतंय. मधे थांबवलं तर गाळात बसेल. घाटावरून येऊन आम्हाला खाडी शिकवू नका. बाळ लहान आहे ना तुमचं? झोप होत नसेल. बसा, चहा घ्या."

आज हे वाक्य आठवलं तरी माझ्या कानशिलात ठणके मारतात. झोप होत नव्हती, खरंच होतं ते. म्हणूनच जास्त लागलं.

"लाँच तरी पाठवा पुढे!"

"लाँच बंद झाली आजपासून. तिचा चालक खाली पेढे खातोय."

देवस्थळी सरांनी माझा दंड धरून मला जिन्यापाशी नेलं. "पल्लवी, आज नको. नऊ वर्षं मी या एका पडद्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्यात."

"सर, तुम्ही होड्या काढून टाकल्यात पडद्यावरून."

"मी?" ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता, काहीतरी दुसरंच होतं. ते काय होतं हे तेव्हा कळायला मला सवड नव्हती. "मी काही काढलेलं नाही. आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला? नंतर सुतक पाळायचं का?"

मी दंड सोडवून परत आले. लाल त्रिकोण वळणाच्या तोंडाशी पोचला होता. मयेकर खुर्चीतून उठले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "मी जरा चहा घेतो." रेडिओचं हातातलं यंत्र त्यांनी टेबलाच्या माझ्या बाजूच्या कडेला ठेवलं. जाताजाता पुटपुटले, "बाजूचं बटण दाबून धरायचं असतं. सोडलं की ऐकू येतं."

मी बटण दाबलं.

"पायलटसाहेब! ऑर्किड ग्रेस! वळणावर होडी आहे! तुमच्या उजव्या हाताला, खुंटांना बांधलेली! डावीकडे घ्या!"

बटण सोडलं. खरखर. मग एक शांत आवाज आला, "कोण बोलतंय? टॅबवर तर काही नाही."

"कुणी का बोलेना! होडी आहे! हरेश्वर नाखवा आहे तिथे!"

तळपद्यांनी यंत्र माझ्या हातातून हिसकावून घेतलं. त्यांच्या अंगठीने माझी बोटं खरचटली. पण नाव गेलं होतं. पायलट त्याच खाडीतला असणार. धुक्यातून जहाजाचा भोंगा आला, लांब, मग आखूड आखूड पाच वेळा, एकामागून एक. मनोऱ्याच्या काचा थरथरल्या. लाल त्रिकोणाचं टोक सावकाश, फार सावकाश, डावीकडे वळलं. एवढा मोठा लोखंडी डोंगर मानेवर कितीही ओरडलं तरी पटकन वळत नाही.

रेडिओ खरखरला. "मनोरा, होडी दिसली. हातभर अंतरावरून गेलो. जाळं ओढलं गेलंय. एक माणूस पाण्यात आहे. लाँच पाठवा, लाँच!"

चालक पेढ्याचा हात पँटला पुसत धावला.

अध्यक्षसाहेबांनी नारळ टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मग आता उद्घाटन झालं असं धरायचं का?"

*

हरेश्वरने भोंगा ऐकून दोर कोयत्याने तोडला होता. शेवटचा दोर तुटायच्या आधीच जाळं जहाजाखाली गेलं आणि दोराने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. पाण्यात पडला होता तो त्याचा मेव्हणा. लाँचवाल्याने त्याला केसांना धरून वर घेतलं. दोघंही जगले. चंद्रकोरची मागची फळी फुटली.

पदीबायला मीच जाऊन सांगितलं. तिने ओरडा केला नाही. जाईला माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि दवाखान्याकडे चालू लागली. चालता चालता एकदाच मागे वळली. "सकाली तर दिसत व्हती," ती म्हणाली.

दुपारी सर विश्रामगृहावर आले. जाई नुकतीच माझ्या मांडीवर झोपली होती. त्यांनी एक टाईप केलेला कागद पुढे केला.

'घटनेच्या वेळी सदर नौकेवरील उपकरण बंद स्थितीत होते.'

खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. जाई झोपली होती म्हणून हळू म्हटलं, पण दात आवळून म्हटलं. "डबा चालू होता. माझ्याकडे मिनिटामिनिटाची नोंद आहे."

"ते मला माहीत आहे."

"आणि हे लिहून दिलं तर काय होईल, तेही माहीत आहे? त्याच्या आज्यापासूनचे खुंट आहेत त्या वळणावर. बंदराला ते कधीचे काढून टाकायचेत. डबा मुद्दाम बंद ठेवला म्हणतील आणि उद्याच उपटतील. दोन बोटं गेलीत त्याची, सर! आता जागाही घ्यायची?"

"पल्लवी, डबा चालू होता म्हटलं की पुढचा प्रश्न येणार. मग पडद्यावर का नव्हता?"

"तेच तर मी सकाळपासून विचारतेय! कुणी पुसला?"

सरांनी बॅगेतून आमचा जाडजूड अहवाल काढला. मी बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आधी लिहिलेला. त्यांनी पान एकेचाळीस उघडलं आणि माझ्या गुडघ्यावर, जाईच्या पायांशी ठेवलं.

'धक्का व नांगरण्याची जागा वगळता अन्यत्र, वीस मिनिटांहून अधिक काळ एकाच ठिकाणी स्थिर असलेली खूण ही नौका नसून चुकीची नोंद समजावी व पडद्यावरून वगळावी.'

भाषा माझी होती. 'वगळता' आणि 'वगळावी' एकाच वाक्यात आलंय म्हणून प्रूफ बघताना मी अडले होते, तेही मला आठवलं.

"बंदराच्या संगणकवाल्यांनी तुझा अहवाल शब्दशः उतरवला," सर म्हणाले. "तुझ्या लॅपटॉपवर कच्चे संदेश येतात, चाळण न लावता. म्हणून तुला दिसला. मनोऱ्यात चाळण आहे. तुझी चाळण."

मला सगळं आठवत गेलं. वाळत टाकलेले, घराच्या ओट्यावर पडलेले डबे. त्यांच्या खुणा कधी कधी घसरून भर पाण्यात दिसायच्या. त्या काढायला मी पुण्यात, चौथ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून ती ओळ लिहिली होती. मी ओतूरची. आमच्याकडे धरणाच्या पाण्यात जे थांबलेलं दिसतं तो ओंडका असतो. होडी म्हणजे चालणारी वस्तू, यात कुणाला विचारण्यासारखं काय आहे? त्या ओळीने अचूकता एक्याऐंशीवरून सत्त्याण्णव टक्क्यांवर गेली. सरांनी सगळ्यांना पेढे वाटले होते. सातव्या महिन्याच्या पोटाने मी दोन खाल्ले होते.

आणि चाचणीच्या दिवशी? त्या दिवशी आम्ही बाराही होड्यांना खाडीत फेऱ्या मारायला लावल्या होत्या. बाराच्या बारा दिसल्या. टाळ्या पडल्या. त्या दिवशी कुणी मासे धरत नव्हतं.

सकाळपासून ज्याचा गळा धरायला मी हात शिवशिवत फिरत होते, तो गळा माझाच होता. राग कमी झाला म्हणाल तर नाही. त्याला जायला जागा उरली नाही, एवढंच.

"सही कर," सर म्हणाले. ते खरंच थकले होते. "चाळण उद्या बदलू. कुणाला कळणार नाही. प्रकल्प वाचेल, तूही वाचशील. पुढे हजारो होड्या वाचतील, याचाही विचार कर."

"आणि हा एक?"

"एकाचं वाईट होतं कधी कधी."

"सर, तुम्ही उठा," मी म्हटलं. "पोर जागी होईल."

*

संध्याकाळी मी जाईला कडेवर घेऊन कोळीवाड्यात गेले. मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर बाराही होड्यांचे नाखवे बसले होते. हरेश्वर दवाखान्यातून आला होता, डावा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा गळ्यात बांधलेला. पदीबाय त्याच्यामागे उभी होती. मला बघून तिचा चेहरा सैल झाला. रेडिओवरून मी ओरडले होते, हे सगळ्यांना कळलं होतं. कुणीतरी खुर्ची आणली. कुणीतरी म्हणालं, "बस बाय, तुज्यामुलं वाचला आमचा मानूस."

त्याहून वाईट मला आयुष्यात कुणी काही बोललेलं नाही.

"मी बसणार नाही," मी म्हटलं. "आधी ऐकून घ्या."

पदीबायने जाईसाठी हात पुढे केले. जाई तिच्याकडे झेपावली. रिकाम्या हातांनी मी सांगून टाकलं. चाळण काय, वीस मिनिटं काय, पान एकेचाळीस काय. सोप्या शब्दांत, कारण अवघड शब्दांमागे लपता येतं. मग मी माझ्या हाताने लिहिलेला जबाब वाचून दाखवला: डबा चालू होता, होडी आपल्या जागी होती, चूक पडद्याची, आणि पडद्याला ती मी शिकवली. खाली सही केली होती. तो कागद मी सोसायटीच्या अध्यक्षांना दिला.

हरेश्वर बांधलेला हात सावरत म्हणाला, "म्हंजी आमी थांबलो, म्हनून नव्हतो?"

"हो, नाखवा."

"डोलीवर थांबल्याबिगर काय करतात? नाचतात?"

एक म्हातारा मोठ्याने हसला आणि लगेच रागाने थुंकला. "लिवताना कोनाला इचारलं नाय का गो? बारा घरं हायत आमची. चा पाजला असता."

"नाही विचारलं."

"का?"

मला विचारायचं सुचलंच नाही, हे काही उत्तर नव्हे.

पदीबाय पुढे आली. तिने जाईला माझ्या कडेवर ठेवलं, तिची मूठ उघडून आपली पोत सोडवली, एकेक बोट करून, अगदी हळुवार. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. "जा आता," म्हणाली. "तिला भूक लागली असंल."

*

माझ्या जबाबाची एक प्रत बंदराकडे गेली, एक संस्थेकडे. खुंट राहिले. लाँच दुसऱ्याच दिवशी परत सुरू झाली, चाळण काढून टाकली गेली. दोन दिवसांत संस्थेचं पत्र आलं: प्रकल्पातून मुक्त, पुण्याला हजर व्हावे. सरांनी फोन केला नाही. तळपद्यांनी मात्र समोरून येताना मान वळवली. मला त्यातही समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या दोन दिवसांत पदीबाय आली नाही. जाई दाराकडे बघून रडायची. मी तिला छातीशी धरून फेऱ्या घालत होते आणि मनात म्हणत होते, रड, माझे बाई. तुझा हक्क आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते, तेवढ्यात दारात पदीबाय. पाठीमागे तिची सून.

"पोरीला हिच्याकडं दे," ती म्हणाली. "पाजलंस का?"

"आत्ताच पाजलं."

"मंग चल."

"कुठे?"

ती पुढे चालू लागली. धक्क्यावर चंद्रकोर उभी होती, मागे नव्या फळीचा कोरा पांढरा तुकडा. होडी पदीबायचा भाऊ चालवत होता, त्या दिवशी पाण्यात पडलेला हरेश्वरचा मेव्हणा. आम्ही वळणावर गेलो. पाण्यातून दोन खुंट वर आले होते, हिरवे, शिंपल्यांनी भरलेले. नवं उसनं जाळं खाली सोडलेलं होतं. त्याने होडी दोराला बांधली आणि इंजिन बंद केलं.

मी त्या आधी कधीही थांबलेल्या होडीत बसले नव्हते. चालती होडी माहीत होती, चाचणीच्या वेळची. थांबलेली होडी वेगळीच असते. ती दोराला ताण देऊन कण्हत असते. खालून ओहोटीचं पाणी सारखं जात असतं, फळ्यांना घासत, आणि जाळ्याचं तोंड त्या पाण्याकडे उघडं असतं. आपण जात नाही, बाकी सगळं जातं. डाव्या हाताला, मोठ्याने बोललं तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, जहाजांची वाट होती.

पदीबाय आडव्या फळीवर बसली होती. बोटं एका फाटक्या जाळ्याच्या गाठीत गुंतलेली. मी दोनदा तोंड उघडलं.

"पदीबाय, मला..."

"गप बस. बगत ऱ्हा."

मी बघत राहिले. समुद्राच्या बाजूला भोंगा वाजला. लाँच आली, ओरडत, आणि तिच्या मागून एक जहाज. आधी नुसता उंच गंज, मग त्याची भिंत, मग आभाळ झाकून टाकणारं लोखंड. त्याच्या लाटेने होडी उचलली गेली आणि दोराने तिला हिसका देऊन खाली आणलं. मी फळी दोन्ही हातांनी धरली. छातीतून दूध झिरपून कुर्ता भिजला. जाई कुठेतरी रडत असेल, एवढंच डोक्यात होतं. पळायला जागा नव्हती. सोडायचं म्हटलं तर जाळं जाणार, नाही सोडलं तर आपण. पदीबायचा भाऊ कोयता मांडीवर घेऊन बसला होता. तो जहाजाकडे बघतही नव्हता. दोराकडे बघत होता.

जहाज गेलं. पाणी हळूहळू निवलं.

"घड्याल हाय ना तुज्याकडं?" पदीबायने विचारलं. "बांधल्यापासून किती जालं?"

मी मनगट वळवून पाहिलं. "वीस मिनिटं."

तिने गाठ ओढून घट्ट केली, उरलेला दोरा दाताने तोडला आणि पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"मंग आता तू नायस," ती म्हणाली. आणि पुढची गाठ घ्यायला लागली. पाणी थांबायला अजून दोन तास होते.